विजेते शोधायचे तर हरलेल्यांना विचारा

"फलकावरची नावं उतरवून घ्या, टाइप करा आणि मला पाठवा. अर्ध्या तासाचं काम आहे," असं आमच्या जिमखान्याचे सेक्रेटरी म्हणाले होते. आमच्या पावसाळी हँडिकॅप (म्हणजे कच्च्या खेळाडूला आधीच काही गुण देतात अशा) बिलियर्ड्स स्पर्धेला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघणार होती आणि तिच्यात १९४९पासूनच्या सगळ्या विजेत्यांची यादी हवी होती. जिमखाना पुण्यातला, नदीपासून फार लांब नसलेला. नाव सांगत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यानं जुन्या कमिटीवरच्या दिवंगत मंडळींची जरा पंचाईत होईल. स्पर्धा अगदी हौशी. डॉक्टर, वकील, बँकेतले साहेब, दोन-चार लष्करातले आणि एखादा कारखानदार, असे संध्याकाळी सहानंतर जमणारे लोक. राष्ट्रीय स्पर्धेत कुणी चमकलेलं नाही. अशा विजेत्यांची नोंद त्या एका खोलीबाहेर कुठे असण्याचं कारणच नसतं, ही या कामातली खरी मेख.

फलक सागवानी आहे, क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठ्यांच्या, स्टँडच्या वर टांगलेला. इंग्रजी अक्षरं, सोनेरी रंग, आधी वर्ष आणि पुढे नाव. १९८६पर्यंत बिलियर्ड्स, १९८७पासून त्याच रकान्यात स्नूकर, आणि २००३ साली फलक भरला म्हणून नोंदच बंद. १९९९पासून आम्ही एट-बॉल पूलची खुली स्पर्धा घ्यायला लागलो, तिचा तर फलकावर मागमूसही नाही. शिवाय १९६२, १९६८ आणि १९७४ ही वर्षं कोरी.

उतरवून घेताना खटकलं ते वेगळंच. पहिली तेरा नावं एकाच हातची होती. त्यानंतरची दरवर्षी वेगळ्या पेंटरची; कुठे अक्षर जाड, कुठे सोनेरी रंग पिवळट पडलेला. पण १९४९ ते १९६१ अगदी एकसारखं, एका बैठकीत रंगवल्यासारखं. नव्वदीतल्या एका सभासदांना विचारलं तर ते म्हणाले, "मग? हा फलक बासष्टचा. आधीचा पानशेतात गेला."

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं. नदीकाठच्या पुण्यात अजूनही वस्तूंचं आणि कागदांचं वय त्या दिवसाच्या आधीचं की नंतरचं असं सांगतात. आमच्याकडे टेबलांवरच्या दिव्यांपर्यंत पाणी होतं. इतिवृत्तं, हिशेबाच्या वह्या, जुना फलक, सगळं गेलं. टेबलांच्या स्लेटच्या लाद्या तेवढ्या धुऊन पुन्हा बसवल्या. दगडाला पाणी काय करणार. मग १९६२ साली कमिटीनं बसून, चहाबरोबर, आधीचे विजेते आठवले आणि जे आठवलं ते सागवानावर चढवलं. गेली साठ वर्षं आम्ही ज्याला पुरावा समजत होतो ती मुळात पाच-सहा जणांची आठवण होती.

आणि त्या आठवणीत १९६१ सालचाही विजेता होता! आमची स्पर्धा जुलैअखेर सुरू होते आणि ऑगस्टात संपते. त्या ऑगस्टात टेबलांवर गाळ होता. मग जिंकलं कोण आणि कुठे?

इथून मी वर्तमानपत्रांकडे वळलो. केसरी जुनाच, आणि सकाळ १९३२पासूनचा. दोन्ही पुण्याचेच असल्यामुळे स्थानिक खेळांच्या बातम्या त्यांत मिळण्याची आशा जास्त. बांधीव खंड उघडायचे म्हणजे हात धुऊन, पंखा बंद करून बसायचं. कागद असा झालेला असतो की पान उलटताना कडा हातात येते. झेरॉक्स काढू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. फोननं, फ्लॅश न वापरता फोटो काढायचे. बिलियर्ड्सची बातमी कधीच वर नसते. कुस्ती, क्रिकेट, खोखो यांच्याखाली, कधी बाजारभावाच्या शेजारी तीन ओळी. मी सुरुवातीला फक्त ऑगस्ट-सप्टेंबर चाळत होतो. मग कळलं की अंतिम सामना लांबणं ही आमची परंपराच आहे. दोघांतला एक बदलीवर, एक आजारी, एकाच्या घरी लग्न. त्यामुळे मार्चपर्यंत पाहावं लागतं.

इंग्रजी दैनिकांचं काम वेगळ्या तऱ्हेचं. टाइम्स ऑफ इंडियाचे जुने अंक संगणकावर शोधता येतात, मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत ती सोय असते. पण यंत्रानं वाचलेला जुना छापा भलताच निघतो. बिलियर्ड्समधले दोन एल कधी एच होतात, कधी गायब. म्हणून माणसाच्या नावानं शोधण्यापेक्षा गुणसंख्येनं शोधणं मला जास्त फळलं; आकडे त्या मानानं शाबूत राहतात. दुसरं असं की १९७८पर्यंत शहराचं इंग्रजी नाव 'पूना' होतं. 'पुणे' टाइप करून बसलात तर काहीही सापडणार नाही, आणि मग लोक म्हणतात की जुनी वर्तमानपत्रं आपल्याकडे लक्षच देत नव्हती.

उत्तर मिळालं ते जानेवारी १९६१च्या एका अंकात. १९६० सालचा अंतिम सामना रखडून तेव्हा झाला होता. कमिटीला 'एकसष्ट साली अमुक जिंकला' एवढं आठवलं आणि त्यांनी ते तसंच लिहिलं. म्हणजे १९४९ ते १९६० अशा बारा स्पर्धांसाठी फलकावर विजेते तेरा. एक नाव जास्तीचं. कुठलं?

ते वर्तमानपत्रातून सुटलं नाही, चांदीतून सुटलं. आमच्याकडे जुना नियम होता, बऱ्याच क्लबांत असतो: सलग तीनदा जिंकणाऱ्यानं चषक कायमचा घरी न्यायचा आणि जिमखान्यानं नवा करायचा. पहिला चषक असाच एका डॉक्टरांच्या घरी गेला होता. डॉक्टर राहायचे पर्वतीच्या बाजूला उंचावर, त्यामुळे तो बुडाला नाही. त्यांच्या नातीचा पत्ता काढला. मी म्हटलं, "ताई, चषकाच्या खालच्या लाकडी बैठकीवर चांदीच्या छोट्या पट्ट्या असतील, त्यांचे फोटो हवेत." त्या म्हणाल्या, "फोटो कशाला, या आणि बघा. फक्त पॉलिश केलंय का असं विचारू नका, आईला आवडत नाही." पट्ट्या काळ्या पडल्या होत्या आणि मला तेच हवं होतं. पॉलिश करकरून नावं पुसट झालेले चषक मी नंतर बरेच पाहिले.

त्या काळी पट्टी विजेत्यानं स्वखर्चानं करून घ्यायची. भांड्यांवर नाव घालणाऱ्याकडून कुणी कोरून घेई, कुणी सराफाकडून. त्यामुळे प्रत्येक पट्टीचं अक्षर वेगळं, आणि ती त्या त्या वर्षीच केलेली. पट्ट्यांप्रमाणे डॉक्टर जिंकले १९५५, ५६ आणि ५७ साली. फलकाप्रमाणे १९५६, ५७ आणि ५८. म्हणजे १९५४पर्यंत फलक बरोबर होता, १९५५ला एक नाव मध्ये घुसलं आणि पुढचे सगळे एकेक वर्ष खाली ढकलले गेले. १९५५ समोर ज्यांचं नाव आहे ते गृहस्थ १९६२च्या कमिटीवर होते. यावर मी काही बोलत नाही. बासष्ट साली त्या चहाच्या वेळी खोलीत कोण कोण होतं हे वार्षिक अहवालात छापलेलं आहे, एवढंच.

वार्षिक अहवालांवरही डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. त्यांचं वर्ष एप्रिल ते मार्च. १९७१–७२च्या अहवालातला विजेता १९७१च्या ऑगस्टातला असेल किंवा लांबलेल्या सामन्यामुळे १९७२च्या फेब्रुवारीतला. फलकावर पेंटरनं कधी पहिलं साल घेतलं, कधी दुसरं. याहून विश्वासाचा कागद म्हणजे हिशेबाचा. कुणी उत्साहानं खेळाची फाइल जपत नाही, पण पावत्या जपतात, कारण ऑडिटर विचारतो. बासष्टनंतरच्या खतावण्या माळ्यावर गाठोड्यांत होत्या. त्यांत 'प्रवेश फी जमा', 'चहा-बिस्किटे', 'टेबलाचे कापड' आणि मधूनच 'कप कोरणावळ'. १९७४चं कोरं वर्ष असं भरलं: कोरणावळीच्या पावतीच्या पाठीवर, कारागिराला नमुना म्हणून, कोरायचं नाव कुणीतरी पेन्सिलीनं लिहून दिलं होतं. १९६२मध्ये प्रवेश फीच जमा नव्हती, तेव्हा त्या वर्षी स्पर्धा झालीच नाही. १९६८ची फी जमा आहे, चहा प्यायला गेला आहे, पण कोरणावळ नाही आणि नावही नाही. सेक्रेटरींना तिथे 'स्पर्धा झाली नाही' असं टाकून मोकळं व्हायचं होतं. मी म्हटलं, फी घेतलीय साहेब, परत दिल्याची नोंद नाही. ते वर्ष यादीत कोरंच आहे.

नाव मिळालं म्हणजे माणूस मिळाला असं मात्र नाही. फलकावर आद्याक्षरं आणि आडनाव. पुण्यात 'जोशी' लिहून ठेवणं म्हणजे काहीच न लिहिण्यासारखं. तरी आपल्याकडची दोन आद्याक्षरांची पद्धत उपयोगी पडते. दुसरं अक्षर वडिलांचं असतं. एकाच आडनावाचे दोन विजेते आणि दुसरं अक्षर एकच दिसलं की बहुधा सख्खे भाऊ, आणि भाऊ असले तर एकाचा पत्ता लागला की दोघांचा लागतो. मी अशा जोड्या आधी काढल्या. इतर जिमखान्यांचे फलकही पाहिले, कारण खेळणारे तेच ते असतात. इकडे एक आद्याक्षर असलेला तिकडे तिन्हींसकट सापडतो. लष्करातले मात्र पदासकट लिहिलेले, 'मेजर' अमुक. तीन वर्षांनी बदली, पुढे बढती. त्या पदानं आज शोधणार कसं? त्यातल्या दोघांचा ठावठिकाणा लागलाच नाही.

सगळ्यात कठीण होत्या बायका. १९७०च्या दशकात काही वर्षं महिलांची वेगळी स्नूकर स्पर्धा झाली होती. ती फलकावर नाही, अहवालांत आहे. विजेत्या बहुतेक सभासदांच्या मुली, कॉलेजातल्या. पुढे लग्नं झाली आणि आडनाव तर बदललंच, कित्येकींचं पाळण्यातलं नावही बदललं. वडील गेले, सभासदत्व संपलं, बंगला पाडून इमारत झाली. एका वर्षीच्या विजेतीचा माग पूर्ण तुटला होता. मग अहवालात उपविजेतीचं नाव दिसलं. त्या नागपूरला दिलेल्या, त्यांचे भाऊ अजून आमचे सभासद. फोन केला.

"हो, हरले ना मी," त्या पहिल्याच वाक्याला म्हणाल्या. "निळा आणि गुलाबी बॉल मी घातला होता. शेवटच्या काळ्यावर आलं होतं सगळं. काळा खिशाच्या तोंडाशी उभा होता आणि मी घाबरून जोरात मारला." कुठल्या टेबलावर, रेफरी कोण होतं, समोरचीनं कसा हळूच तो काळा ढकलला, सगळं त्यांना पाठ. समोरचीचं नवं नाव, नवरा काय करतो, बडोद्याला कुठल्या भागात राहते, हेही. पन्नास वर्षांत दोघींची गाठ पडलेली नव्हती, पण ही त्या बाईवर लक्ष ठेवून होती. बडोद्याला फोन लावला तर विजेत्या बाई म्हणाल्या, "मी? स्नूकर? खेळायचे खरी. पण स्पर्धा जिंकल्याचं काही आठवत नाही हो. तुम्हाला नक्की माझंच नाव सांगितलंय का?"

यानंतर मी पद्धतच बदलली. विजेत्यांना नंतर विचारायचं, आधी उपविजेत्यांना. जिंकणाऱ्याचे चार चषक एकमेकांत मिसळतात. तो १९७९चा सामना १९८३ला नेऊन ठेवतो आणि प्रतिस्पर्धीही बदलतो. हरणाऱ्याकडे बहुधा तो एकच सामना असतो, आणि तो त्यानं मनातल्या मनात शेकडो वेळा पुन्हा खेळलेला असतो. गुण, चुकलेला फटका, कुणी खोकलं होतं तेसुद्धा. नव्वद टक्के वेळा कागद त्याच्या बाजूनं निघतो. (टक्केवारी माझी, ऑडिट न झालेली.)

साल मात्र कुणालाच आठवत नाही. 'साठ-पासष्ट असेल' याचा अर्थ काहीही होतो. म्हणून साल विचारायचंच नाही. तेव्हा दुसरं काय चाललं होतं ते विचारायचं. कोयनेच्या भूकंपाआधी की नंतर? म्हणजे डिसेंबर १९६७ची अलीकडची बाजू की पलीकडची. वाडेकर इंग्लंड जिंकून आला तेव्हा? १९७१. दुष्काळात? १९७२. घरी रंगीत टीव्ही आला होता का? मग एशियाड, १९८२. बिलियर्ड्सवाल्यांकडे त्यांच्या स्वतःच्या खुणा असतात, त्या अधिक नेमक्या. विल्सन जोन्स जगज्जेते झाले त्या वर्षी, हे फार जण सांगतात. जोन्स पुण्यातच जन्मलेले, त्यामुळे इथल्या म्हाताऱ्यांना ते घरचे वाटतात. पण ते हौशींचे जगज्जेते दोनदा झाले: १९५८ला कलकत्त्यात आणि १९६४ला न्यूझीलंडमध्ये. तेव्हा 'कलकत्त्याचं की परदेशातलं?' असं विचारावं लागतं. मायकेल फरेरांचं त्याहून अवघड, ते तीनदा जिंकले: १९७७, १९८१ आणि १९८३. एक गृहस्थ म्हणाले, "फरेरांनी पद्मश्री नाकारली, त्यावर आमच्या कार्डरूममध्ये भांडण झालं होतं, त्याच आठवड्यात मी फायनल हरलो." पद्मश्री नाकारली ती १९८१मध्ये, गावसकरांना पद्मभूषण मिळालं होतं, मग मला तेच का नाही, असा फरेरांचा मुद्दा होता, आणि १९८३ला त्यांना पद्मभूषण मिळालंही. सामन्याचं साल त्यावरून पक्कं झालं. भांडण मात्र त्या गृहस्थांनी मला पुन्हा पूर्ण ऐकवलं.

आता पूल. मला वाटलं होतं की जुनं अवघड जाईल आणि अलीकडचं चुटकीसरशी होईल. झालं उलटंच.

डिसेंबर १९९८मध्ये बँकॉकच्या आशियाई खेळांत बिलियर्ड्स-स्नूकर-पूल पहिल्यांदा घेतले गेले. अशोक शांडिल्य आणि गीत सेठी यांनी बिलियर्ड्समध्ये सुवर्ण आणलं. आपल्याकडे तेव्हा पूल पार्लरची लाट होती. कॅम्पात, फर्ग्युसन रस्त्यावर, कॉलेजांच्या आसपास तासाच्या भाड्यानं टेबलं मिळायची, हरेल त्यानं टेबलाचे पैसे भरायचे. तरुण सभासद तिकडे जायला लागले म्हणून आमच्या कमिटीनं नाक मुरडत एक बिलियर्ड्स टेबल काढून तिथे पूलची दोन बसवली आणि १९९९ला सभासद नसलेल्यांनाही खुली अशी एट-बॉल स्पर्धा सुरू केली. प्रवेश फी, रोख बक्षीस, पाच फ्रेम, म्हणजे डाव, आधी जिंकेल तो पुढे. २०१०पर्यंत चालली. या काळातली एकही नोंद धड नाही.

ड्रॉ खडूनं पाटीवर. नंतर संगणकावर, तो संगणक भंगारात. चषक फायबरचे, नाव स्टिकरवर. स्टिकर पावसाळ्यात सुटतात. फ्लेक्स छापला तो पुढच्या वर्षी कुणाच्या तरी गाडीवर टाकायला गेला. स्पर्धेचे फोटो ऑर्कुटवरच्या ग्रुपमध्ये होते, आणि ऑर्कुट सप्टेंबर २०१४च्या अखेरीस बंद झालं. खेळाडूंपैकी कुणीतरी केलेल्या एका संकेतस्थळाचं जुनं पान इंटरनेट अर्काइव्हवर जतन झालेलं सापडलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. पान होतं, मथळा होता, 'यंदाचा विजेता' असं लिहिलेलं होतं. नाव चित्रात होतं, आणि चित्र जतन झालं नव्हतं.

डिजिटल फोटो मिळाले, त्यांच्या कोपऱ्यात लाल आकड्यांत तारीख: १ जानेवारी २००२. सगळ्यांवर तीच. नवीन कॅमेऱ्याची तारीख कुणी लावलीच नव्हती. शेवटी मागच्या भिंतीवरून सालं काढली. एका फोटोत विजेत्यामागे हच मोबाइलची जाहिरात आहे; हचचं सप्टेंबर २००७मध्ये व्होडाफोन झालं, तेव्हा फोटो त्याआधीच्या ऑगस्टातला किंवा त्याहून जुना. दुसऱ्यात टेबलाचं कापड हिरव्याचं निळं झालेलं, आणि निळं कापड कधी घेतलं ते खतावणीत आहे. माळ्यावरची गाठोडी इथेही कामाला आली.

आणि नावं! सभासदांचं निदान आडनाव तरी असतं. पूलवाल्यांना एकमेकांची खरी नावंच ठाऊक नाहीत. बंटी, सँडी, अण्णा, 'पल्सरवाला'. फोनमध्येही तसेच जतन केलेले. एक विजेता घरी कळू नये म्हणून मित्राच्या नावानं खेळला होता. मित्र आता स्वतःच जिंकल्याचं सांगतो. तिथेही उपविजेत्यालाच गाठलं. तो सॅन होजेला असतो, तिकडे अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशनच्या लीगमध्ये खेळतो. त्यांच्याकडे प्रत्येक खेळाडूला एट-बॉलसाठी २ ते ७ अशी पातळी दिलेली असते आणि प्रत्येक सामन्याचा कागद भरून द्यावा लागतो. तो म्हणाला, "काका, इथे मी गेल्या मंगळवारी किती वेळा चुकलो तेसुद्धा लिहिलेलं असतं. तिकडे आपण कोण जिंकलं तेही लिहिलं नाही." मग रात्री दीड वाजता, म्हणजे त्याच्या दुपारी, त्यानं मला पाचही फ्रेम ऐकवल्या, आणि विजेत्याचं खरं नाव दिलं.

तो विजेता सापडला, पण यादीत यायला नाही म्हणाला. त्या दिवसांत पार्लरमध्ये पैसे लावून खेळायचा, त्याबद्दल घरी बरंच झालेलं, आता मुलं मोठी आहेत. "नाव नको, प्लीज." त्या वर्षापुढे 'नाव न छापण्याची विनंती' असं छापलं आहे. मित्राचं छापलेलं नाही, आणि तो माझ्यावर रागावून आहे.

मार्करबद्दल अजून बोललोच नाही. टेबलाशी उभं राहून गुण मोजणारा, बॉल लावून देणारा, कापडाला ब्रश करणारा, नवशिक्याला शिकवणारा तो मार्कर. आमचे जुने मार्कर १९६६ला पोरगेलेसे असताना लागले आणि पूलची टेबलं आली तेव्हाही होते. दत्तवाडीत राहतात. सभासद त्यांना नावानं एकेरी हाक मारत, ते प्रत्येकाला साहेब. मी 'काका' म्हटलं तर संकोचले. त्यांना नावं कमी आणि फटके जास्त आठवतात. "ते डावरे साहेब, रेस्ट (लांबच्या बॉलसाठी क्यूला आधार देणारी काठी) न घेता टेबलावर चढायचे" म्हणाले की मी जाऊन त्या दशकातल्या लोकांना विचारायचं, डावखुरा कोण. बरीच आद्याक्षरं अशी माणसं झाली.

जिमखान्याचे मार्कर सभासदांपेक्षा चांगले खेळत, हे सगळे मान्य करतात. पण आमच्या जुन्या नियमपुस्तकात मार्कर 'व्यावसायिक' धरलेला आहे, आणि स्पर्धा हौशींची, त्यातून सभासदांची. म्हणून अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी मार्करांची आपापसात एक स्पर्धा व्हायची. आजूबाजूच्या क्लबांचे मार्कर यायचे, सभासद वर्गणी काढून रोख बक्षीस द्यायचे. तिचा फलक नाही, चषक नाही, अहवालात ओळ नाही. खतावणीत 'मार्कर बक्षीस' आणि पावतीवर पैसे घेणाऱ्याची सही. मी त्या पावत्यांवरून यादी केली आणि स्मरणिकेत घाला म्हटलं. कमिटीत थोडी कुरबुर झाली. सभासद नसलेल्यांची नावं सभासदांच्या यादीत कशी, असा मुद्दा निघाला. पूलचे निम्मे विजेते सभासद नव्हते हे दाखवल्यावर वेगळं पान मिळालं.

यादी दत्तवाडीला जाऊन आमच्या जुन्या मार्करांना वाचून दाखवली. त्यांनी स्वतःची चार वर्षं सांगितली. पावत्यांवर त्यांची सही तीनच वर्षी होती. चौथ्या वर्षी, १९७६ला, दुसऱ्याच कुणाची. मी ते दाखवलं तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "सही त्यानं केली साहेब, कारण मी त्याच रात्री गावी गेलो होतो. बॉल मी घातले." सही करणारे दुसऱ्या एका क्लबचे मार्कर, निवृत्त होऊन मुळशीकडे गावी राहतात. मुलाचा नंबर मिळाला, मुलानं फोन शेतात नेऊन दिला.

"शहात्तरला जिंकलं कोण?" मी विचारलं.

"तोच जिंकला की. मी साठ गुणांनी पुढं होतो, मग त्यानं एकाच हातात सगळं काढलं. शेवटचा कॅनन (आपला बॉल एकाच फटक्यात दुसऱ्या दोन्ही बॉलना लावणं) तर मला अजून पटलेला नाही, बॉल लागलाच नव्हता." जरा थांबून म्हणाले, "पन्नास रुपये बक्षीस होतं. मी घेऊन ठेवले, त्याला चाळीस दिले. दहा राहिलेत. त्यानं काही सांगितलं का तुम्हाला त्याचं?"

नव्हतं सांगितलं. १९७६ दत्तवाडीच्या नावावर छापलं. दहा रुपयांचं मी दोघांच्याही मध्ये पडलेलो नाही, पण मुळशीचा नंबर त्यांना लिहून दिला आहे आणि परवा ते तासभर एकमेकांशी त्या कॅननवरून भांडत होते, असं त्यांची सून सांगत होती.